ओंडक्यांच्या भिंतीचा हिशेब

आमच्या नव्या घराचे नकाशे बिल्डिंग खात्याकडून परत आले तेव्हा त्यांवर लाल शाईत एकच शेरा होता: ‘लॉग भिंतींचा यू-फॅक्टर दाखवा. सबंध घराचा हिशेब जोडा.’ लॉग म्हणजे ओंडके, आणि यू-फॅक्टर म्हणजे भिंतीतून उष्णता किती सहज निसटते त्याचं माप. पाया, बर्फाचा भार, सेप्टिक टाकी, जिना, सगळ्यापुढे बरोबरची खूण होती. घोडं अडलं होतं भिंतींपाशी, आणि त्या भिंतींसाठीच तर आम्ही हे घर बांधायला निघालो होतो.

आम्ही राहतो डेन्व्हरजवळ. कोलोरॅडोतच, आर्कान्सस नदीच्या वरच्या खोऱ्यात, आम्ही जमिनीचा एक तुकडा घेतला होता. उंची सुमारे ८,००० फूट. पश्चिमेला माउंट प्रिन्सटन आणि त्याच्या शेजारची १४,००० फुटांवरची शिखरं. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली वीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि दुपारी ऊन असं लख्ख पडतं की अंगातलं जाकीट काढावंसं वाटतं. तिथे ओंडक्यांचं घर बांधायचं हे माझ्या नवऱ्याचं पंधरा वर्षांचं स्वप्न. हळूहळू ते माझंही झालं.

लाकूड ठरलं होतं एंगलमन स्प्रूस, उभ्या जागी वाळलेल्या झाडांचं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सालीखाली शिरणाऱ्या भुंग्यांनी कोलोरॅडोतली लाखो एकर जंगलं वाळवून टाकली आहेत. अशी झाडं मेल्यावरही बरीच वर्षं उभी राहतात आणि उभ्या-उभ्या सुकतात. त्यांचे ओंडके ओल्या ओंडक्यांपेक्षा कमी आकसतात, कमी पिळवटतात. वाळलेल्या जंगलातून घर उभं राहतंय, ही गोष्ट मला फार मोलाची वाटत होती.

तर त्या शेऱ्याकडे येते. ओंडके पुरवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की आठ इंची लॉगची भिंत ‘आर-२०च्या तोडीची’ असते (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप), कारण लाकडाचं वस्तुमान उष्णता साठवून ठेवतं. आम्ही त्यावर विसंबून होतो. नकाशाच्या कोपऱ्यात तेच वाक्य उतरवून पाठवलं होतं.

बिल्डिंग खात्यात नकाशे तपासणाऱ्या बाई वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांनी माहितीपत्रक उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे जाहिरातीचं वाक्य आहे. मला लाकूड सांगा, जाडी सांगा, मग बोलू.”

मी म्हटलं, “आठ इंच.”

“आठ इंच कुठे मोजलेत?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आमच्या ओंडक्यांचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा: आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर. पोटाशी मोजलं तर आठ इंच भरतात. पण दोन ओंडके एकमेकांवर जिथे बसतात तिथे जाडी बरीच कमी होते. उष्णता पोटातूनही जाते आणि सांध्यापाशीही जाते, म्हणून धरायची ती सरासरी जाडी. बाईंनी सांगितलं की ओंडक्याच्या काटछेदाचं क्षेत्रफळ काढा आणि त्याला एका थराच्या उंचीने भागा. लॉग घरांसाठी आयसीसी ४०० नावाचं वेगळं मानक आहे, त्यातही जाडी अशीच सरासरीने धरतात.

घरी नमुन्याचा एक फूटभर तुकडा पडला होता. मी मुलाच्या वहीतले आलेखाचे कागद चिकटपट्टीने जोडले, त्यावर तो तुकडा उभा ठेवला आणि पेन्सिलने कडेकडेने आखून घेतला. मग चौकोन मोजत बसले. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरायचा, कमी असेल तर सोडायचा, शाळेत शिकवलं होतं तसंच. पोटाशी आठ इंच, सांध्यापाशी जेमतेम सव्वासहा. क्षेत्रफळ आलं साडेपंचावन्न चौरस इंच, थराची उंची साडेसात इंच. भागाकार ७.४. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच.

इथे आर आणि यू यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आर म्हणजे एखादा थर उष्णतेला किती अडवतो त्याचं माप. अमेरिकेत ते फूट, फॅरनहाइट आणि बीटीयू या एककांत मोजतात. यू म्हणजे त्याचा व्यस्त, एकला आरने भागलं की यू. आर जितका मोठा तितकी भिंत ऊबदार, यू जितका लहान तितकी ऊबदार. स्प्रूस किंवा पाइनसारख्या मऊ लाकडाचा आर दर इंचाला साधारण सव्वा धरतात. सागासारख्या कठीण, जड लाकडाचा त्याहून कमी. लाकूड जितकं भरीव तितकी उष्णता त्यातून सहज जाते, हे मला आधी उलटंच वाटायचं.

७.४ इंचांना सव्वाने गुणलं की ९.२५. भिंतीच्या आत आणि बाहेर हवेचे पातळ थर चिकटून असतात, त्यांचे आतला ०.६८ आणि बाहेरचा ०.१७ असे मिळून ०.८५. बेरीज १०.१. म्हणजे यू ०.०९९.

आर-२०च्या तोडीची म्हणून जी भिंत आम्ही गृहीत धरली होती, ती आर-१०ची निघाली.

कोलोरॅडोत राज्यभर बांधकामाची एकच संहिता, म्हणजे नियमावली, चालत आलेली नाही. कुठली आवृत्ती लागू करायची हे वर्षानुवर्षं काउंटी आणि गावं आपापली ठरवत आली. आमचं घर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संवर्धन संहितेच्या २०१५ च्या आवृत्तीने तपासलं गेलं. नाव आंतरराष्ट्रीय असलं तरी ती अमेरिकेत तयार होते आणि दर तीन वर्षांनी नवी निघते. तिच्यात देशाचे आठ हवामानपट्टे आहेत, पहिला सगळ्यात उष्ण, आठवा सगळ्यात थंड. आमची जागा सहाव्यात. सहाव्या पट्ट्यात लाकडी चौकटीच्या साध्या भिंतीचा यू ०.०४५ पेक्षा जास्त चालत नाही. त्यासाठी चौकटीच्या पोकळीत आर-२० आणि बाहेरून सलग आर-५ असं इन्सुलेशन घालावं लागतं. आमचा यू त्याच्या दुपटीहून जास्त.

“मग वस्तुमानाचं काय?” मी विचारलं. “लाकूड उष्णता साठवतं हे तर खोटं नाही ना?”

बाईंनी संहिता उघडून माझ्यापुढे ठेवली. “खोटं नाही. म्हणूनच त्याची सूट तुम्हाला आधीच दिलेली आहे.” संहितेत ‘मास वॉल’ म्हणून भिंतींचा वेगळा वर्ग आहे. काँक्रीट, विटांचं भरीव बांधकाम, मातीच्या ठोकून केलेल्या भिंती आणि भरीव ओंडके, सगळे त्यात येतात. त्यांच्यासाठी सहाव्या पट्ट्याची मर्यादा ०.०४५ नसून ०.०६०. भिंत वजनदार आहे म्हणून एवढी मोकळीक. ती घेऊन झाल्यावर पुन्हा वस्तुमानाच्याच नावाने आर-२० मागता येत नाही.

हे ऐकलं आणि मला आमचं बार्शीजवळचं माळवदाचं घर आठवलं. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती. मे महिन्यात बाहेर अंगण भाजत असताना आजी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून निवांत शेंगा फोडत बसायची. रात्री त्याच भिंती दिवसभराचं ऊन हळूहळू सोडायच्या, तोवर आम्ही सगळे गच्चीवर झोपायला गेलेलो असायचो. जाड भिंत काय करते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ती काय करत नाही याचा विचार मी कधी केला नव्हता, कारण बार्शीत महिनाभर सलग थंडी पडतच नाही.

त्या रात्री मी शोधून एक जुना अहवाल वाचला. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९८१-८२ मध्ये मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला वीस बाय वीस फुटांच्या सहा एकखोली इमारती बांधून त्यांचा ऊर्जावापर मोजला होता. एक इमारत सात इंची चौरस ओंडक्यांची होती, भिंतीचा आर सुमारे १०. दुसरी इन्सुलेशन घातलेल्या लाकडी चौकटीची, आर सुमारे १२. वसंतातल्या तीन आठवड्यांत ओंडक्यांच्या इमारतीला तापवायला ४६ टक्के कमी ऊर्जा लागली. उन्हाळ्याच्या अकरा आठवड्यांत थंड करायला २४ टक्के कमी. आणि हिवाळ्याच्या चौदा आठवड्यांत दोघींना जवळपास सारखीच.

हे आकडे मी कितीतरी वेळ बघत बसले. ऊन आणि थंडी चोवीस तासांत आलटून-पालटून येतात तेव्हा जाड भिंत खरंच कमाल करते, दिवसाचं रात्रीला देते. पण दिवसही थंड, रात्रही थंड असे आठवडेच्या आठवडे गेले की साठवायला काही उरत नाही. तेव्हा भिंतीचा साधा आरच कामाला येतो. त्यातही ओंडक्यांची भिंत कमी आर असून चौकटीच्या भिंतीच्या बरोबरीने राहिली, ही लहान गोष्ट नाही. मला लाकडाबद्दल जास्तच आदर वाटू लागला. राग आला तो ४६ टक्क्यांच्या जोरावर आर-२० छापणाऱ्यांचा. तीन आठवड्यांचा आकडा बारा महिन्यांना चिकटवायचा आणि त्यावर लोकांनी आयुष्याची पुंजी लावायची, हे बरोबर नाही.

आता मार्ग काय? बाईंनी तीन सांगितले. पहिला, ओंडक्यांच्या आतून चौकट ठोकून इन्सुलेशन भरायचं आणि वरून लाकडी पट्ट्या मारायच्या. ओंडके घरातून दिसणार नाहीत. दुसरा, साध्या चौकटीचं घर बांधून बाहेरून अर्धगोल लॉग चिकटवायचे. आमच्या रस्त्यावरच्या एका कुटुंबाने तसं केलंय, घर छान आहे. पण सकाळी उठून ज्या लाकडावर हात ठेवायचा ते भरीव असावं ही आमची इच्छा होती. तिसरा मार्ग त्यांनी शेवटी सांगितला, जरा हळू आवाजात, जणू आम्ही तोच घ्यावा असं त्यांना वाटत होतं: “भिंत जशी आहे तशी राहू द्या. तिची तूट घराच्या बाकीच्या भागांतून भरून काढा.”

संहितेत याला एकूण यूएची पद्धत म्हणतात. प्रत्येक भागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा यू, आणि सगळ्यांची बेरीज. संहितेच्या यूने केलेली बेरीज एका बाजूला, तुमच्या घराची दुसऱ्या बाजूला. तुमची बेरीज जास्त झाली नाही की पास. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं रेसचेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच काम करतं. मी आधी कागदावर केलं, कारण आकडा कुठून आला हे हाताने मांडल्याशिवाय मला समाधान होत नाही.

घर २८ बाय ४० फुटांचं, एक मजली, छत तिरकं. ओंडक्यांची भिंत दारं-खिडक्या वजा जाता १,००० चौरस फूट. ०.०६० ने गुणलं तर संहितेची परवानगी ६०. आमची ०.०९९ ने ९९. म्हणजे तूट ३९ ची. बाकी सगळं संहितेच्या मर्यादेवर नेऊन बसवलं तर संहितेची बेरीज येत होती २१५ आणि आमची २५४. अठरा टक्के जास्त. एवढी तूट थोड्याफार डागडुजीने भरत नाही.

नवऱ्याने विचारलं, घर तापवायची भट्टी उत्तम दर्जाची घेतली तर? नाही चालत. या हिशेबात फक्त घराचं कवच धरतात: भिंत, छत, जमीन, दार, खिडकी. मला हा नियम पटतो. भट्टी पंधरा-वीस वर्षांत बदलते, भिंत शंभर वर्षं तिथेच असते.

मग आम्ही छतापासून सुरुवात केली. आतून लॉगचे वासे आणि फळ्या दिसणार होत्या, त्यामुळे इन्सुलेशन फळ्यांच्या वर घालायचं. पॉलिआयसो नावाच्या फोमच्या कडक पाट्या, दोन थरांत, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत अशा बेताने रचलेल्या. एकूण जाडी दहा इंच. त्या बसवायला चौदा इंची स्क्रू लागले, जे पाट्यांतून आणि फळ्यांतून जाऊन खालच्या वाशात रुततात. छताचं क्षेत्रफळ सुमारे १,३४६ चौरस फूट. संहितेच्या ०.०२६ ऐवजी आमचा यू ०.०१७, म्हणजे ३५ ऐवजी २३. बारा सुटले.

जमिनीखाली वाकून चालता येईल एवढी मोकळी जागा आहे. तिथे तुळयांमध्ये आर-३८ आणि त्यांच्या खालून सलग आर-१० ची पाटी. ३७ चे २४.६ झाले. आणखी बारा.

खिडक्यांपाशी खरी वादावादी झाली, आमची आपापसात. नवऱ्याला शिखरांकडे तोंड करून छपरापर्यंत काच हवी होती. गंमत अशी की या पद्धतीत काच वाढवल्याचा दंड बसत नाही, कारण संहितेची बेरीजही त्याच काचेवर होते. चांगली काच जास्त लावली तर कागदावर उलट फायदाच दिसतो. मी म्हटलं, कागदावर पास होऊन रात्री त्या काचेपाशी बसवणार नसेल तर त्याचा उपयोग काय? तीनपदरी काचेचाही यू ०.२२, म्हणजे आमच्या ओंडक्यांच्या भिंतीच्याही दुपटीहून जास्त. आम्ही १८० चौरस फुटांवर थांबलो, त्यातला मोठा भाग दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्याचं तिरपं येणारं ऊन आत शिरेल आणि ओंडके खरोखर तापतील. शिखरांसाठी पश्चिमेला एकच मोठी खिडकी. संहितेच्या ०.३२ ऐवजी ०.२२ ने १८ सुटले. खर्च मात्र साडेचार हजार डॉलरनी वाढला, आणि तो आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यातून वळवला.

इन्सुलेशनवाल्या दोन दारांतून पाच सुटले. छपराखालच्या दोन त्रिकोणी भिंती ओंडक्यांऐवजी चौकटीच्या केल्या. त्याचा आणखी एक फायदा होता, तो पुढे सांगते. शेवटची बेरीज २०५. संहितेची २१५. रेसचेकमध्ये भरल्यावरही आम्ही मर्यादेच्या आत होतो. परमिट आलं.

मला वाटलं अवघड भाग संपला. बांधकाम सुरू झाल्यावर कळलं की कागदावर जे आलं ते निम्मंच होतं, कारण आर आणि यूच्या या सगळ्या हिशेबात भिंत सलग धरलेली असते, आणि ओंडक्यांची भिंत सलग नसते. ती थरांची असते. आमच्या भिंतीत साडेसात इंचांना एक आडवा सांधा, सगळे मिळून साधारण १,६०० फूट लांबीचे. त्या १,६०० फुटांत जिथे फट राहील तिथून वारा येणार, आणि वाऱ्यापुढे आर-१० काय नि आर-४० काय.

आमच्या सुताराचे वडीलही लॉगचीच घरं बांधायचे. ओंडक्याच्या वरच्या बाजूला दोन जिभा, खालच्या बाजूला त्यांना बसणाऱ्या दोन खोबणी. प्रत्येक खोबणीत फोमची पट्टी, आणि बाहेरच्या कडेला फट बुजवणाऱ्या सीलंटची एक अखंड रेघ. मी दर शनिवारी जायचे. माझं काम एकच, थर बसण्याआधी त्या रेघेवरून चालत जायचं आणि कुठे तुटली असेल तर खूण करायची. ओलावा मोजायचं दोन टोकांचं यंत्रही माझ्या खिशात असे. १४-१५ टक्क्यांचे ओंडके येत होते, १९ च्या वरचे आम्ही बाजूला काढले. ओलं लाकूड उष्णता जास्त वाहून नेतं आणि नंतर आकसतं, म्हणजे दुहेरी नुकसान.

आकसण्याबद्दल सांगायलाच हवं. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, जाडीत आकसतं. आडव्या ओंडक्यांची भिंत म्हणून उंचीला कमी होते. ओल्या लाकडाची नऊ फुटी भिंत सहा इंचांपर्यंत खाली बसू शकते. आमची वाळलेली, तरी इंच-दीड इंच धरलेला. पण मधले उभे खांब खाली बसत नाहीत, खिडकीची चौकट बसत नाही. म्हणून प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर मोकळी जागा ठेवली, तीत मऊ इन्सुलेशन दडपलं आणि वरची पट्टी फक्त चौकटीला ठोकली, ओंडक्याला नाही. खांबांच्या पायाशी नट फिरवून खाली करता येणारे स्क्रू जॅक. आणि त्रिकोणी भिंती चौकटीच्या केल्याचा तो दुसरा फायदा हाच: तेवढी उंची तरी बसण्यातून सुटली.

मग ब्लोअर डोअर चाचणीचा दिवस आला. मुख्य दाराच्या चौकटीत लाल कापडाचा पडदा ताणून बसवतात, त्यात पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आतल्या-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक होईपर्यंत. तेवढा दाब राखायला दर मिनिटाला किती हवा ओढावी लागते त्यावरून घर किती गळतं ते कळतं. संहितेत आमच्या पट्ट्याला तासाला घरातली हवा तीनदा बदलेल इतकीच गळती मान्य. आमच्या घरात हवा सुमारे १५,३०० घनफूट, म्हणजे मिनिटाला ७६५ घनफूट.

यंत्रावर आकडा स्थिरावला १,४८० वर. तासाला ५.८.

सुतार काही बोलला नाही. हातमोजे काढून दारात उभा राहिला. मला रडू आलं हे सांगायला हवं, कारण त्या सगळ्या शनिवारांचं काय झालं हेच मला कळेना. चाचणी करणारा तरुण म्हणाला, “पंखा आणखी तासभर चालू ठेवतो. शोधा.” त्याच्याकडे धुराची नळी होती, पण एकच. मी गाडीतून देवाच्या पिशवीतली उदबत्तीची पुडी आणली. वास्तुशांतीसाठी आणलेली. आम्ही चौघं चार दिशांना पेटत्या उदबत्त्या घेऊन भिंतीच्या कडेकडेने फिरू लागलो.

आडव्या सांध्यांपाशी धूर सरळ वर जात होता. सगळ्या १,६०० फुटांत दोनच ठिकाणी थरथरला. ते पाहून जिवात जीव आला. मग मी शिडीवर चढले, भिंतीचा सगळ्यात वरचा ओंडका आणि छत जिथे भेटतात तिथे. उदबत्ती अजून एक फूट लांब होती तेव्हाच धुराची रेघ मोडली आणि जोरात माझ्या तोंडावर आली. चाळीस फूट लांब फट, दोन्ही बाजूंनी. छतवाल्यांनी फळ्या टाकताना तिथलं सील राहूनच गेलं होतं.

दुसरी गळती कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. छताचं आढं आणि दोन्ही बाजूंच्या तुळया म्हणजे अख्खे ओंडके, त्रिकोणी भिंतीतून आरपार बाहेर गेलेले, छपराच्या पुढ्याला आधार द्यायला. भिंत आणि ओंडका यांच्यातली फट आम्ही नीट बुजवली होती. पण वाळताना ओंडक्याला लांबीने भेग पडते, बोट जाईल एवढी, गाभ्यापर्यंत. ती भेग बाहेरून सुरू होऊन भिंतीतून आरपार आत येते. सुताराने आत उदबत्ती धरली आणि मी बाहेरच्या टोकाशी तळहात ठेवला. माझा तळहात भेगेकडे ओढला जात होता. घराच्या सगळ्यात भक्कम तुळयेतूनच वारा वाहत होता.

उपाय लहानसा होता. भिंतीच्या रेषेत भेगेला आडवं भोक पाडलं, त्यात सीलंट दाबून भरलं म्हणजे भेगेत बूच बसलं. आतून-बाहेरून भेगेत फोमची दोरी आणि वर लवचीक सीलंट. सहा तुळया-टोकांना दोन दिवस लागले. छताखालच्या फटीला आठवडा, कारण तिथे काम आडवं पडून करावं लागत होतं.

दुसऱ्या चाचणीत ७४०. तासाला २.९.

एवढं घट्ट घर झालं की ताज्या हवेची सोय वेगळी करावी लागते, गळती पाचच्या आत आली की यंत्राने वायुवीजन सक्तीचंच आहे. आम्ही बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र बसवलं. लाकडाच्या शेगडीलाही जळणासाठीची हवा थेट बाहेरून नळीने दिली.

शेवटच्या तपासणीला त्याच बाई आल्या. नकाशे तपासणारीने जागेवर यायची गरज नव्हती, त्या आपणहून आल्या होत्या. विजेच्या पॅनेलपाशी घराच्या प्रत्येक भागाचे आकडे लिहिलेला कागद चिकटवायचा असतो. त्यांनी तो वाचला. भिंत: आर-१०. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, मग शेजारच्या ओंडक्यावर तळवा ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. नोव्हेंबर होता. दुपारभर दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन त्यावर पडत होतं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “भिंत संध्याकाळी ऊब सोडते का गं?” मी म्हटलं, मार्चमध्ये सोडते, जानेवारीत नाही.

आता तिसरा हिवाळा आहे. खांबांच्या पायाशी असलेले जॅक ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये फिरवावे लागतात. पान्याने नट पाव-पाव फेरा फिरवायचा, की वर कुठेतरी लाकूड बारीकसं करकरतं आणि घर केसभर खाली येतं. प्रत्येक खांबावर आम्ही पेन्सिलने तारीख आणि रेघ ओढून ठेवतो. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत आतापर्यंत सव्वा इंच झालंय. गेल्या एप्रिलमधल्या आणि ऑक्टोबरातल्या रेघा इतक्या जवळ आल्या आहेत की पेन्सिलला टोक काढूनच ओढाव्या लागल्या.